पहाटे मासे वर येतात? औषधाआधी पाणी बघा

भोर : पहाटे शेततळ्यावर गेलं, तर मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात. ‘रोग पडला’ म्हणून लगेच औषध आणलं जातं. पण सगळेच मासे एकदम वर आले आणि ऊन चढल्यावर खाली गेले, तर कारण बहुतेकदा रोग नसतं, पाण्यात प्राणवायू कमी पडलेला असतो. हिरव्यागार पाण्यातलं शेवाळ रात्री प्राणवायू वापरतं. ढगाळ हवेत त्रास वाढतो. अशा वेळी खाद्य आणि शेणखत बंद करावं, मोटारीने पाणी उंचावरून फवारत सोडावं. उशीर केल्यास एका रात्रीत तळं रिकामं होतं.

रोग कसा ओळखावा?

लाल चट्टे, खोल जखमा : हा बुरशीमुळे होणारा ‘ईयूएस’ रोग. पावसाळ्यानंतर थंडीत वाढतो. मरळ, रोहू, मृगळ यांना होतो. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ संस्थेचं ‘सिफॅक्स’ हे औषध यावर आहे. दहा गुंठे, एक मीटर खोल पाण्याला साधारण १०० मिली लागतं. थंडीआधी गुंठ्याला २ किलो चुना हप्त्याहप्त्याने टाकावा. त्याआधी पाण्याचा सामू तपासावा.

मासा अंग घासतो : अंगावर चपट्या उवा शोधाव्यात, त्या डोळ्यांनी दिसतात. तळ्यात बांबू रोवावेत. उवा त्यावर अंडी घालतात. दर आठवड्याला बांबू काढून कडक उन्हात वाळवावेत.

पोट फुगलं, खवले उभे राहिले : जिवाणूंचा संसर्ग. आजारी मासे लगेच बाजूला काढावेत. मनाने अँटिबायोटिक देऊ नये. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर बंदी आहे.

एवढं पाळाच

नवीन बीज सोडण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून दोन-तीन मिनिटं बुडवावं. बीज बेचैन झालं की लगेच काढावं. आजारी तळ्यातलं जाळं वाळवल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नये. मेलेले मासे ओढ्यात टाकू नयेत. इथले ओढे भाटघर, नीरा-देवघर धरणांना मिळतात आणि तिथल्या माशांवर अनेक घरं चालतात. मासे चुना टाकून खड्ड्यात पुरावेत.

तपासणीसाठी कुजलेला नव्हे, नुकताच आजारी पडलेला जिवंत मासा द्यावा. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं. केंद्राच्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाईल अ‍ॅपवरही फोटोसह माहिती देता येते.