स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर प्रोबायोटिक किती उपयोगी?

नांदुरा : स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया महानगरात होते, पथ्यपाणी मात्र गावी परतल्यावर घरच्यांनाच सांभाळावे लागते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील नांदुऱ्यासारख्या गावी अशा रुग्णाला ‘ताक घ्या, पोट ठिकाणावर येईल’ हा सल्ला हमखास मिळतो. औषधाच्या दुकानातील प्रोबायोटिक कॅप्सूल ही त्याचीच आधुनिक आवृत्ती होय.

व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे शीर्ष, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढला जातो. त्यामुळे पाचकरस कमी पडून स्निग्ध पदार्थ पचेनासे होतात. शौचास तेलकट, चिकट व अति दुर्गंधीयुक्त होते, वजन घटते. ही उणीव जिवाणू भरून काढू शकत नाहीत. त्यासाठी पॅन्क्रिएटिन हे पाचकद्रव्य घ्यावे लागते, तेही जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर. उपाशीपोटी घेतलेली कॅप्सूल वाया जाते.

प्रोबायोटिकचे कार्य निराळे आहे. बर्लिन येथील ८० शस्त्रक्रिया-रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू व तंतू एकत्र दिलेल्या गटात जंतुसंसर्ग १२.५ टक्के, तर केवळ तंतू दिलेल्या गटात ४० टक्के आढळला. मात्र हा प्रयोग रुग्णालयाच्या देखरेखीखाली, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून केलेला होता.

पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून आलेल्या निष्कर्षांनी वैद्यकविश्वाला धक्का बसला. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांपैकी प्रोबायोटिक दिलेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले. न दिलेल्या १४४ पैकी ९. जिवाणू मिळालेल्या नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खुंटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, हे खरे. तरीही ‘अपाय तर होणार नाही’ ही समजूत त्यानंतर टिकणारी नाही. अत्यवस्थ, प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला शल्यविशारदांना विचारल्याविना अशी कॅप्सूल देऊ नये.

ताज्या दह्याताकाची गोष्ट वेगळी; डॉक्टरांनी आहारात मुभा दिली असल्यास ते अन्न म्हणून चालते. त्यातील जिवाणूंचा प्रकार वा संख्या मात्र निश्चित नसते, आणि कढी उकळली की ते मरतात. पाचकद्रव्याच्या कॅप्सूलही उष्णतेने निकामी होतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवू नयेत. ताप, कावीळ, वाढती पोटदुखी वा सतत उलट्या झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा.