हिवाळी सायकलीचे कूळ

महाडहून नाते गावावरून पाचाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी वसलेली आहे. रात्रीच्या अंधारात गडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे धावलेल्या गवळणीची कथा या नावाशी जोडलेली असून, १९९६ साली सुरू झालेल्या रज्जुमार्गाचे खालचे स्थानकही येथेच आहे. दिवाळी उलटली की ताम्हिणी, वरंध आणि आंबेनळी या घाटांनी कोकणात उतरणारे सायकलस्वार या रस्त्याला लागतात आणि शिमग्याच्या सुमारास उन्हाचा ताप वाढेपर्यंत त्यांची ये-जा चालू राहते. त्यांच्या सायकलींवर आणि अंगावर जे हिवाळी साहित्य दिसते, म्हणजे मडगार्ड, जाड हातमोजे, वारारोधक जाकिटे, चेनीसाठी निरनिराळी तेले, त्यातील बहुतेकांचा जन्म पाऊस, चिखल आणि बर्फ एकाच ऋतूत येणाऱ्या युरोपात झाला. महाड-पोलादपूर भागातला हिवाळा मात्र वर्षातला सर्वांत कोरडा काळ असतो. एका हवामानासाठी घडलेल्या वस्तू दुसऱ्या हवामानात आल्यावर त्यांपैकी काहींचे काम बदलले, काहींचे काम दुसऱ्या ऋतूत सरकले आणि काहींना मूळचेच काम एका विशिष्ट घाटात पुन्हा सापडले. हिवाळी सायकलीची कुळकथा ही या तीन प्रकारच्या स्थलांतरांची कथा आहे.

या कथेचा आरंभ चेनीपासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात प्रचलित झालेल्या उंच चाकाच्या सायकलीला चेन नव्हती. पॅडल थेट पुढच्या मोठ्या चाकाच्या आसाला जोडलेले असत आणि फिरणारे भाग जमिनीपासून बरेच वर असत. १८८० साली हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टर परिसरात बुश-रोलर चेन सिद्ध केली आणि १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्रीत 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची, मागचे चाक चेनीने फिरवणारी सायकल बाजारात आणली. बुश-रोलर चेन म्हणजे जिच्या प्रत्येक कडीत पिनेभोवती एक नळी आणि त्या नळीभोवती फिरता रोलर असतो अशी चेन. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर पुढे आणल्यावर या रचनेला वेग आणि आराम दोन्ही लाभले. या नव्या सायकलीमुळे पडण्याचा धोका कमी झाला, परंतु यंत्राचा सर्वांत नाजूक भाग रस्त्याच्या जवळ, पुढच्या चाकाने उडवलेल्या चिखलाच्या थेट माऱ्यात आला. हिवाळ्यासाठी सायकल वेगळी सांभाळावी लागते ही जाणीव खऱ्या अर्थाने येथून रुजली.

या अडचणीवर इंग्रज कारागिरांनी दिलेले पहिले समर्थ उत्तर म्हणजे तेलात बुडालेली बंद चेनपेटी होय. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांच्या 'सनबीम' सायकलींची ख्याती प्रामुख्याने अशा पेटीवर उभी होती; चेन खालच्या बाजूने फिरताना पेटीतले तेल घेत असे आणि बाहेरचा चिखल तिला शिवत नसे. पेटीच्या जोडीला लांब, खाली झालर लावलेले मडगार्ड आले आणि या दोहोंनी युक्त, सरळ बैठकीची इंग्लिश रोडस्टर सायकल घडली. हीच सायकल ब्रिटिश व्यापाराबरोबर हिंदुस्थानात आली आणि स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळील टीआय, सोनिपतची ॲटलस आणि आसनसोलची सेन-रॅले या कारखान्यांनी १९४९ ते १९५२ या काळात उत्पादन सुरू केल्यावर तिचा साचा देशी झाला. महाडच्या बाजारपेठेत दूध, भाजी किंवा टपाल वाहणाऱ्या सायकलीचे पूर्ण चेनकव्हर हे त्या तेलपेटीचे वंशज आहे. त्यातले तेल गेले, पत्रा पातळ झाला, आणि धोतराचा सोगा, पायजम्याची कड किंवा साडीचा काठ चेनीत अडकू नये हे त्याचे मुख्य काम झाले.

शर्यतीच्या सायकलीत मात्र ही पेटी टिकू शकली नाही. चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, जिला डिरेलर म्हणतात आणि बोलण्यात सरसकट गिअर म्हटले जाते, ती चालण्यासाठी चेनीला आडवे हलायला मोकळी जागा लागते. १९३७ साली 'तूर द फ्रान्स' या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली आणि त्यानंतर वेगवान सायकलीची चेन कायमची उघडी पडली. ब्रिटनमधील क्लबांच्या सायकलपटूंनी यातून एक वेगळा प्रघात पाडला. उन्हाळ्यातली उत्तम सायकल थंडीत घरात ठेवायची आणि जुनी, मडगार्ड लावलेली दुसरी सायकल हिवाळ्यात वापरायची. पुष्कळदा ती बिनगिअरची आणि पॅडल थांबवल्यास चाकही थांबेल अशा पक्क्या दातेचक्राची असे, कारण जेवढे भाग कमी तेवढी धुण्या-पुसण्याची कामे कमी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची पद्धत सर्रास झाल्यावर या 'हिवाळी सायकली'ची गरज अधिकच वाढली, कारण ओल्या मिठाने पोलादी चेन, तारांची टोके आणि ब्रेकच्या केबल लवकर गंजत.

पोशाखाची परंपरा लोकरीपासून सुरू होते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि भिजल्यावरही काही ऊब राखते, हा गुण घामाने आतून व पावसाने बाहेरून भिजणाऱ्या सायकलस्वाराला फार मोलाचा होता. १८७८ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सायकल पर्यटन मंडळाने सदस्यांसाठी करड्या लोकरी कापडाचा गणवेश ठरवला, आणि शर्यतपटूंनी पाठीवर खिसे असलेली विणीची लोकरी जर्सी स्वीकारली. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर उताराच्या गार वाऱ्यापासून छाती वाचवण्यासाठी जर्सीत वर्तमानपत्राची घडी खुपसण्याची रीत युरोपच्या डोंगरी शर्यतींत बराच काळ टिकली. कागद वारा अडवतो, वजन जवळजवळ नसतेच आणि खाली उतरल्यावर तो काढून टाकता येतो. १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाणारा लायक्राचा धागा तयार केला, १९६९ साली बॉब गोर यांना घामाची वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या परंतु पाण्याचा थेंब आत न घेणाऱ्या पडद्याची युक्ती साधली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत लोकर व कागद यांची जागा बहुतांशी कृत्रिम धाग्यांनी घेतली.

लोकरीचा हा गुण सह्याद्रीला नवा नव्हता. घाटमाथ्यावरचे धनगर आणि सणगर विणकर यांच्या हातून तयार होणारी दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी थंडीत अंथरूण-पांघरूण म्हणून आणि पावसात डोक्यावरून खोळ करून वापरली जाई; भिजूनही ऊब देणारे वस्त्र ही गरज येथे पावसाळ्याची होती, युरोपात हिवाळ्याची. कोरड्या पौषात कोकणातल्या सायकलस्वाराला अशा वस्त्राची गरज पहाटेचे दोन-तीन तास, आणि तीही मुख्यतः उतारावर पडते. म्हणूनच या भागात पूर्ण लोकरी पोशाखापेक्षा, जर्सीपासून सुट्या असलेल्या आणि ऊन चढताच काढून खिशात ठेवता येणाऱ्या बाह्या व पातळ वारारोधक बंडी अधिक उपयोगी ठरतात.

थंडीने गारठलेल्या बोटांशी ज्याचा जन्म जोडला जातो असा एक सुटा भाग तर आज बहुतेक सगळ्या गिअरच्या सायकलींत पोहोचला आहे. डिरेलर येण्यापूर्वी इटलीतील शर्यतपटूंच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दातेचक्रे असत आणि चढ लागला की उतरून, पंखाच्या आकाराचे नट सैल करून, चाक उलटे फिरवून बसवावे लागे. १९२०च्या दशकात डोलोमाइट पर्वतातील क्रोचे दाउने या खिंडीत, बर्फाळ नोव्हेंबरमध्ये चाललेल्या एका शर्यतीत तुल्लिओ कॅम्पान्योलो या शर्यतपटूची बोटे इतकी बधिर झाली की नट फिरेना आणि त्यातून त्याला नवी युक्ती सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा शोधू पाहणाऱ्या अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतली आहे. परंतु १९३० साली त्याने पोकळ आसातून जाणाऱ्या दांड्याची आणि तरफेने आवळणाऱ्या खटक्याची, म्हणजे 'क्विक रिलीज'ची रचना पुढे आणली आणि १९३३ साली व्हिचेंझा येथे कारखाना सुरू केला, हे निश्चित आहे. तरफेच्या टोकाशी मध्यापासून किंचित बाजूला सरकलेला गोल असतो. तरफ फिरवली की तो गोल दांडा ओढून चाक चिमट्यात घट्ट दाबतो, त्यामुळे पान्याची गरज उरत नाही. थंडीसाठी सुचलेली म्हणून सांगितली जाणारी ही सोय कोकणच्या रस्त्यावर रोज वेगळ्याच कामी येते: पंक्चर काढण्यासाठी चाक क्षणात उतरवणे आणि एसटीच्या टपावर किंवा मोटारीत सायकल चढवणे.

युरोपी हिवाळ्याशी या भागाची खरी गाठ पडते ती आंबेनळी घाटात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे आणि तेथून प्रतापगडाचा फाटा असलेल्या वाडा कुंभरोशीवरून पोलादपूरपर्यंतचा रस्ता जवळपास ४० किलोमीटरचा आहे. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात, तर त्याच सकाळी सावित्रीच्या खोऱ्यात उतरेपर्यंत ऊन तापू लागलेले असते. उंचीतला फरक सुमारे साडेबाराशे मीटर असल्याने केवळ उंचीमुळेच तापमानात आठ ते दहा अंशांचा फरक पडू शकतो. त्यात उतारावरील वेगाने निर्माण होणारा वारा मिळाला की न हलणारी बोटे आधी बधिर होतात आणि ब्रेकच्या दांड्यावरची पकड ढिली पडते. येथे हातमोजे आपले मूळचेच काम करतात.

याच उताराने ब्रेकची गोष्टही पुढे नेली आहे. सायकल व स्वार यांचे एकत्रित वजन ८० किलो धरले, तर एवढा उतार उतरताना सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. त्यातील काही वाऱ्याच्या विरोधात खर्ची पडते आणि उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. रबरी गुटके रिमवर घासणाऱ्या जुन्या ब्रेकमध्ये ही उष्णता थेट रिममध्ये जाते, आणि तीव्र वळणांवर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ट्यूब फुटण्याची भीती असते. युरोपात डिस्क ब्रेकच्या बाजूने दिलेला मुख्य युक्तिवाद ओल्या रस्त्याचा होता, कारण पाणी आणि कचकच यांमुळे रिमची पकड कमी होते व रिम झिजतो. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींत २०१० साली आणि रस्त्यावरच्या शर्यतींत २०१८ साली डिस्कला पूर्ण मान्यता दिली. आंबेनळीच्या कोरड्या उतारावर डिस्कचा खरा लाभ उष्णता रिमपासून दूर ठेवण्यात आहे.

चेनीच्या देखभालीत ऋतूंची ही अदलाबदल सर्वांत स्पष्ट होते. चेन ताणली जाऊन लांबते असे म्हणण्याची पद्धत असली, तरी पोलादी पट्ट्या ताणत नाहीत. पिना आणि नळ्या एकमेकींवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली झीज मिळून चेनीची लांबी वाढते. चेनीच्या दोन पिनांतील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळे अशी २४ अंतरे मोजल्यास लांबी ३०४.८ मिलिमीटर भरली पाहिजे, आणि ती ३०६.३ च्या पुढे गेली की झीज अर्धा टक्क्यावर पोहोचली व चेन बदलण्याची वेळ आली असे समजतात, कारण त्यापुढे ती दातेचक्रांचे दातही खाऊ लागते. घट्ट, चिकट तेल पाण्याने धुतले जात नाही म्हणून युरोपी हिवाळ्यात ते वापरतात. हेच तेल माघातल्या महाड-पोलादपूर रस्त्यांवर लावले, तर रुंदीकरणाच्या कामांची आणि कडेच्या पट्टीची धूळ त्यावर बसते आणि तेल-धुळीचा लगदा पिनांना पॉलिश पेपरसारखा घासू लागतो. येथे हिवाळ्यात मेणाचे किंवा पातळ, कोरडे राहणारे वंगण आणि फडक्याने वरचेवर पुसणे हीच योग्य रीत ठरते. घट्ट तेलाचे आणि मडगार्डाचे दिवस मृगापासून हस्तापर्यंतचे.

म्हणूनच येथील देखभालीचे पंचांगही उलटे आहे. युरोपातला सायकलस्वार थंडीच्या तोंडावर सायकल ओल्या दिवसांसाठी सज्ज करतो आणि वसंतात ती पुन्हा उकलतो. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे आणि वाहने धुऊन-पुसून पुजण्याची प्रथा आहे आणि ती नेमकी पाऊस ओसरण्याच्या सुमारास येते. गावोगावच्या दुकानांत या दिवसांत सायकली उकलून बेअरिंगमधले पाणी शिरलेले जुने ग्रीस काढणे, गंजलेले छर्रे बदलणे, कोन बेताचा आवळणे आणि चाकाची आऊट काढणे, म्हणजे तारा कमी-जास्त कसून वाकडे फिरणारे चाक सरळ करणे, ही कामे हाती घेणे सर्वांत शहाणपणाचे ठरते. चार महिन्यांच्या पावसाने केलेले नुकसान भरून काढले की पुढचे चार महिने यंत्राला विशेष काही लागत नाही. हिवाळी सायकल नावाची जी वेगळी, जुनी, मडगार्डांची सायकल ब्रिटनमध्ये थंडीपुरती बाहेर निघते, तिचे कोकणातील खरे स्थान आषाढ-श्रावणात आहे. हिरकणीवाडीच्या रस्त्यावर थंडीत हलकी, उघडी आणि मोजक्या वस्तूंची सायकल पुरते. तिच्यासोबत सुट्या बाह्या, वारारोधक बंडी आणि हातमोजे तेवढे असावेत, आणि तेही घाटाचा उतार संपेपर्यंत.