गंजाची रेघ

मागच्या उन्हाळ्यात आजीची गोधडी उसवली, तेव्हा तिच्या आतल्या थरातून एक जुने छापील फडके हाती आले. तांबडी फुले बऱ्यापैकी शाबूत होती. फुलांभोवतीची काळी रेघ मात्र नव्हती. रेघेच्या जागी कापडच उरले नव्हते. कसर लागली म्हणावे, तर कसर काही रंग पाहून कापड खात नाही. त्या नाहीशा झालेल्या रेघेचा माग काढता काढता मी गंजापाशी येऊन पोचलो.

सीमेपलीकडच्या गुजरातीत गंजाला ‘काट’ म्हणतात. खापर ज्या रस्त्यावर आहे तो एका बाजूला अंकलेश्वरला आणि दुसऱ्या बाजूला बऱ्हाणपूरला जातो. म्हणजे छापील कापडाच्या दोन जुन्या मुलखांच्या, गुजरात आणि खानदेशाच्या, मधोमध आमचे गाव. सतराव्या शतकातली सुरत–बऱ्हाणपूर वाट तापीच्या दक्षिणेने, नवापूर-नंदुरबारवरून जाई. त्या वाटेने गेलेल्या टॅव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याचे प्रवासवर्णन 1676 साली छापले गेले. नवापुरात विणकर पुष्कळ असल्याचे तो सांगतो आणि बऱ्हाणपूरचे तलम, रंगीत, फुलांचे कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो इथवर जात असल्याची नोंद करतो.

या छपाईतला काळा रंग बनायचा तो गंजक्या लोखंडापासून. कच्छमधले अजरखचे छपाईकार आजही तो तसाच करतात. भंगार लोखंड, गूळ आणि थोडे बेसन पाण्यात घालून माठ झाकून ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत गूळ आंबतो, आंबट झालेले पाणी लोखंड विरघळवते. ते गाळून चिंचोक्याच्या पिठाने दाट केले, की ठशाला लावण्याजोगा रंग तयार होतो.

तो रंग नुसत्या कापडावर काळा उठत नाही, फार तर पिवळट तपकिरी डाग पडतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेले असावे लागते. हिरड्यातला तुरटपणा आणि माठातले लोखंड एकत्र आले, की हवेत काळी रेघ उमटते. तांबड्या जागी तुरटी छापायची आणि मग सगळे कापड आल किंवा मंजिष्ठेच्या मुळ्यांबरोबर उकळायचे. तुरटी तांबडा रंग धरते, लोखंड काळाच राहतो. 1742 साली कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने कोरोमंडल किनाऱ्यावरची रीत लिहून पाठवली. तिथेही हिरडा आहेच, त्याच्या जोडीला म्हशीचे दूध आहे. दुधातल्या स्निग्धपणाने रंग पसरत नाही, रेघ बारीक राहते.

आता त्या छिद्रांकडे वळू. काळ्या रेघेत अडकलेले लोखंड स्वस्थ बसत नाही. दमट हवेत ते सुताच्या धाग्याला आतून पोखरत राहते, धुण्यात राहून गेलेला आंबटपणा त्याला साथ देतो. म्हणूनच संग्रहालयांतल्या जुन्या छिटांमध्ये आधी झडते ती काळी रेघ. ठसा मारताना बहुधा पहिली उमटणारी रेघच पहिली जाते. युरोपातल्या जुन्या कागदपत्रांची तीच कथा. तिथल्या शाईत हिराकस असे, आणि अक्षरांच्या जागी कागदाला भोके पडली.

‘झिजावे, पण गंजू नये’ असे आपण म्हणतो. छपाईकाराला मात्र गंज हवा असे, पण मापात. हे माप किती नाजूक असते, याचा दाखला कच्छच्या धमडक्यात मिळतो. गावची नदी आटली होती. 2001 च्या भूकंपानंतर पाण्यात लोखंडाचे प्रमाण इतके वाढले, की रंग बिघडू लागले. बरीच कुटुंबे भुजजवळ नवे गाव वसवून राहिली. तेच अजरखपूर. ज्या लोखंडाने त्यांना काळा रंग दिला, त्याच लोखंडाने त्यांचे पाणी बाटवले.

हे सारे मला एका घरगुती प्रसंगामुळे नीट उमगले. माझी पुतणी हौसेने गंजाचे कापड रंगवते. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या सुती कापडात गंजके खिळे, साखळ्या, वॉशर गुंडाळून ठेवते. दुसऱ्या दिवशी नारिंगी-तपकिरी वर्तुळे उठतात. दिसायला सुरेख. ‘काका, हे किती वर्षं टिकेल गं—’ असे तिची मैत्रीण तिलाच विचारत होती, आणि दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी आजीचे फडके त्यांच्यापुढे ठेवले.

पुतणीने छिद्रांवरून बोट फिरवले. ‘म्हणजे माझंही असंच होणार?’

‘होईल, पण आपण लांबवू शकतो. रंग आला की लगेच खिळे काढ, सोड्याच्या पाण्यातून आंबटपणा घालव, भरपूर धू. कोरड्या जागी ठेव.’

आजीच्या फडक्याची रेघ आता परत येणार नाही. आम्ही दोघांनी ते पांढऱ्या मलमलीवर पसरले आणि बारीक टाके घालून बसवले. मलमल छिद्रांतून वर दिसते. काळ्या रेघेच्या जागी आता पांढरी रेघ आहे, आणि फुलाचा आकार कळतो. गोधडीत मात्र ते पुन्हा शिवले नाही. तिथे दुसरे कापड घातले.