हेमलकसाचे अनाथालय आणि वन्यजीवांचा वियोग

हेमलकसा (जि. गडचिरोली) : घरातील लाडके जनावर गेल्याचे दुःख मोठे असते. मात्र, बिबट्या, अस्वल, माकड हेच कुटुंबाचे सदस्य असतील, तर त्या वियोगाचे स्वरूप निराळे होते. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाने हा अनुभव दीर्घकाळ घेतला आहे.

ज्येष्ठ समाजसेवक बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी माडिया गोंड आदिवासींसाठी हा प्रकल्प सुरू केला. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. सुरुवातीच्या काळात डॉ. प्रकाश आमटे यांना जंगलात शिकारी भेटले. त्यांच्याकडील मेलेल्या माकडिणीला जिवंत पिल्लू बिलगून होते. डॉक्टरांनी ते मागून घेतले आणि त्याचे नाव बबली ठेवले. शिकार हा आदिवासींच्या भुकेचा प्रश्न होता. त्यामुळे उपदेश करण्याऐवजी, अनाथ पिल्ले आणून देणाऱ्यांना मोबदला देण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. त्यातूनच प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले.

माणसाच्या हातून दूध प्यायलेले पिल्लू सहसा जंगलात परतू शकत नाही. शिकारीचे शिक्षण त्याला आईकडून मिळालेले नसते आणि माणसाची भीतीही उरलेली नसते. साहजिकच त्याची अखेर आवारातच होते. बंदिवासातील बिबट्या साधारण वीस वर्षे जगतो. म्हणजे संगोपन करणाऱ्याला एकाच आयुष्यात असे अनेक निरोप द्यावे लागतात.

या निरोपालाही कायद्याची चौकट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. प्राणिसंग्रहालयांच्या २००९ च्या नियमांप्रमाणे मृत प्राण्याचे शवविच्छेदन करावे लागते. मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्यांचे मृतदेह जाळून नष्ट करावे लागतात. कातडी-नखांची तस्करी रोखण्यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु बाटलीने दूध पाजून वाढविलेल्या जिवाची कोणतीही खूण त्यामुळे मागे ठेवता येत नाही.

उरतात त्या आठवणी. प्रकल्पातील कार्यकर्ते विलास मनोहर यांनी ‘नेगल’ या पुस्तकात तेथील बिबट्याचा सहवास शब्दबद्ध केला, तर डॉ. आमटे यांनी ‘रानमित्र’मध्ये अशा सोबत्यांच्या कथा सांगितल्या. गेलेल्या जिवाचे दुःख आवरून पिंजऱ्यातील पुढच्या भुकेल्या पिल्लासाठी उठणे, हाच येथील शोकाचा रिवाज आहे.