नाटकवाल्यांना बेंच कोण देणार?

आयटीतल्या मंडळींना 'बेंच' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. एक प्रोजेक्ट संपलंय, दुसरं अजून मिळालेलं नाही, तरी महिनाअखेर पगार जमा होतो. त्या काळात माणूस काहीतरी नवीन शिकतो (किंवा नुसता चहा पीत बसतो). कंपनीला माहीत असतं की रिकामा दिसणारा हा वेळ पुढे उपयोगी पडणार आहे.

मग नाटक करणाऱ्याला असा वेळ आजवर कुणी दिला? मी सोलापूरचा, म्हणून सुरुवात घरापासूनच करतो.

आमच्या जिल्ह्यातलं मोठं नाव म्हणजे शाहीर अमर शेख. १९१६ साली बार्शीत जन्म. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग कामगार चळवळीत तुरुंग. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवलं. फेलोशिप हा शब्दही तेव्हा कुणाच्या कानावर नसेल. पक्ष, युनियन आणि समोर मातीत बसलेला कामगार, एवढाच आधार. हे नातं खरं होतं, पण त्यात उद्याची शाश्वती नव्हती. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ हलाखीत गेले आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात. पुढे सोलापूरच्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. म्हणजे प्रेक्षक गेला आणि आश्रयदाताही गेला.

फेलोशिप आली ती वेगळ्याच वाटेने. गिरीश कार्नाडांना १९७० ते ७२ होमी भाभा फेलोशिप मिळाली. विजय तेंडुलकरांना १९७३-७४ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली, ती समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास करण्यासाठी. नाटककाराला 'जा, समाज बघून ये' म्हणून पैसे द्यायचे, ही कल्पना मला आजही भारी वाटते. पण गंमत बघा, दोघांचीही नावं तोवर देशभर झालेली होती. विशीतल्या, बिननावाच्या पोराचं काय?

त्याच्यासाठी दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय होतं. १९५९ साली ते सुरू झालं आणि तिथे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. सोलापूरच्या 'नाट्य आराधना' या संस्थेत काम करणारा अतुल कुलकर्णी तिथे गेला आणि १९९५ मध्ये बाहेर पडला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. पण दिल्लीहून निघालेली गाडी पुढे मुंबईला थांबते, सोलापूरला नाही. माणसाला दिलेली शिष्यवृत्ती माणसाबरोबरच प्रवास करते, त्याला तो तरी काय करणार?

म्हणूनच मला पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. सतीश आळेकरांनी आखलेल्या दोन योजना १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने चालल्या. एक होती नव्या नाटककारांसाठी. दुसरी होती पुण्याबाहेरच्या नाट्यसंस्था उभ्या राहाव्यात म्हणून. ही दुसरी खरी अक्कलहुशारीची! संस्था गावात असते, माणसं आली-गेली तरी ती राहते. पण योजना नऊ-दहा वर्षांत संपली, आणि पैसा परदेशातून येत होता.

आपल्याकडचा पैसा नव्हताच असं नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. आमच्याकडची कॉलेजं आजही त्यांचं नाव लावतात. त्यांच्याच घराण्यातल्या विनोद दोशींच्या नावाने पुण्यातून तरुण रंगकर्मींना एकेक लाखाची फेलोशिप दिली गेली. सोलापूरच्या घराण्याचा पैसा नाटकाकडे वळला, तोही पुण्यामार्गे. असो. वळला हे काय कमी आहे!

केंद्र सरकारच्या योजनेत १८ ते २५ वयाच्या कलाकाराला महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. एकूण १,२०,०००. एकट्याच्या रियाजाला ही रक्कम आधार देईलही, पण नाटक एकट्याने होत नाही. त्याला दहा माणसं, रोज संध्याकाळी तालमीची एक खोली आणि दिवा लागतो.

माझ्या बरोबरचा एक मुलगा एकांकिका बसवायचा. विडी वळणाऱ्या बायकांवर त्याला नाटक करायचं होतं. त्यासाठी वस्तीत जाऊन सहा महिने नुसतं ऐकायचं होतं. त्या सहा महिन्यांचा घरखर्च निघेना. आज तो माझ्यासारखाच हिंजवडीत आहे, पगार चांगला आहे आणि नाटकाचा विषय निघाला की चटकन दुसरं बोलायला लागतो.

बक्षीस झालेल्या कामाचं असतं आणि फेलोशिप न झालेल्या कामाची. आपल्याकडे बक्षिसांची, सत्कारांची, शाल-श्रीफळांची कमी नाही. ऐकण्याच्या सहा महिन्यांचे पैसे, आणि तेही गावातच राहून, हे मात्र अजून कुणी नीट दिलेले नाहीत. आम्ही सोलापूरकर इंजिनियर पुण्यात काही हजार तरी असू. चार-पाच मित्रांनी मिळून एका तालमीच्या खोलीचं वर्षाचं भाडं भरणं फार अवघड नाही. मी दोघांशी बोललोय. तिसरा कोण?