समुद्रतळींचे नळ आणि ध्वनीची साक्ष

समुद्राच्या तळाशीं दृष्टि पोंचत नाहीं. सूर्यप्रकाश थोड्याच खोलीवर संपतो, आणि गढूळ पाण्यांत तर हातभर अंतरावरचेंहि दिसत नाहीं. मग तेथें टाकलेल्या तेलावायूच्या नळांची प्रकृति कळावी कशी? मनुष्यानें हें काम डोळ्यांकडून काढून कानांकडे सोंपविलें, त्याचाच हा वृत्तांत.

इ. स. १८२६ मध्यें कोलादों व स्टुर्म यांनीं जिनीव्हा सरोवरांत एक प्रयोग केला. पाण्याखालीं घंटा वाजली कीं त्याच क्षणीं वर दारूचा भडका होई; कित्येक किलोमीटरांवर बसून भडका व नाद यांमधला वेळ मोजला जाई. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,४३५ मीटर, म्हणजे हवेंतल्याच्या चौपटीहून अधिक वेगानें धांवतो, असें ठरलें. पुढें पहिल्या महायुद्धांत लांजव्हँ यांनीं स्फटिकाच्या कंपनांनीं पाणबुड्या शोधण्याची युक्ति साधली. १९२५ ते १९२७ या काळांत ‘मेटिओर’ या जर्मन जहाजानें दक्षिण अटलांटिकची खोली प्रतिध्वनीनेंच मोजली.

परंतु खोली मोजणें निराळें आणि नळ तपासणें निराळें. त्यासाठीं उपयोगी पडलें तें दुसऱ्या महायुद्धानंतर तयार झालेलें साइड-स्कॅन सोनार. जहाजामागें ओढलेलें हें यंत्र दोन्ही बाजूंस तिरपा ध्वनि सोडतें. नळावरून नाद जोरानें परततो. त्यामागें जेथें नाद पोंचत नाहीं, तेथें चित्रांत छाया पडते. खरी मेख या छायेंतच आहे. नळ वाळूवर टेकलेला असेल तर छाया त्याला चिकटून असते. खालची वाळू वाहून जाऊन तो अधांतरीं राहिला, तर छाया त्यापासून सुटून पडते. असा नळ प्रवाहांत थरथरूं लागला कीं धातु शिणतो आणि अखेर तडा जातो. अलीकडचीं मल्टिबीम यंत्रें अनेक ध्वनिशलाका पंख्यासारख्या पसरून तळाचा उंचसखलपणाहि दाखवितात.

नळाचा शत्रु केवळ प्रवाहच नव्हे. ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं फिनलंड व एस्टोनिया यांना जोडणारा बाल्टिककनेक्टर हा वायुनळ फुटला. तपासांत तळावर कांहींतरी ओढत नेल्याची खूण नळापर्यंत आलेली आढळली, आणि फुटल्या जागेपासून कांहीं मीटरांवर जहाजाचा नांगर सांपडला.

मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रांत १९७४ सालीं तेल लागलें आणि १९७८ सालीं तेथून उरणपर्यंत नळ आले, हें श्रोत्यांस ठाऊकच आहे. नळ टाकून मनुष्याचें काम संपतें. समुद्राचें काम मात्र त्याच दिवशीं सुरू होतें. म्हणून गतवर्षींच्या नकाशाशेजारीं यंदाचा नकाशा ठेवून पाहणें, हीच या नळांची खरी राखण होय.