लेबल झाकलं आणि...

वाईनची चव जिभेला कळते की डोळ्यांना? २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये याची चक्क परीक्षाच झाली. स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईनविक्रेत्याने बर्गंडीच्या व्हाईट, बोर्दोच्या रेड आणि त्यांच्या जोडीला कॅलिफोर्नियाच्या वाईन्स मांडल्या. नावं झाकून! नऊ फ्रेंच परीक्षक, सगळे मुरलेले. रंग बघितला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि २० पैकी गुण दिले. निकाल? दोन्हीकडे कॅलिफोर्निया पहिली! एका परीक्षक बाईंनी तर आपली गुणपत्रिकाच परत मागितली.

मग फ्रेंच वाईन वाईट ठरली का? छे! रेडमध्ये १९७० ची मूतों-रोथशिल्ड दुसरी आलीच की. माझ्या मते त्या दिवशी हरला तो फक्त लेबलाचा दबदबा. जिभा मात्र प्रामाणिक निघाल्या, आणि त्या फ्रेंचच होत्या.